शेवटची वीस मिनिटं

सिनेमा संपला की उठायचं नाही, हा त्या घरातला नियम. पायाला मुंग्या आल्या, घरी वरण करपत असलं, तरी नाही. दर रविवारी सकाळी अकराला मारेगावात ड्रॉइंगच्या सरांच्या समोरच्या खोलीत आम्ही दहा-बारा माणसं सतरंजीवर बसून सिनेमा बघायचो. तो संपला की सर टीव्ही बंद करायचे आणि एकेकाकडे वळून एकच प्रश्न विचारायचे, "तुम्ही कोणाच्या जागी होते?"

बस. कसा वाटला, फोटोग्राफी कशी होती, असलं काही नाही. सिनेमातल्या कोणत्या माणसात तुम्ही स्वतःला पाहिलं तेवढं सांगा. आणि सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय चहा नाही. सरांच्या बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दाराशी किटली घेऊन बसलेल्या असायच्या. शेवटच्या माणसाचं बोलून झालं की उठायच्या, त्याआधी नाही.

आता माझी भाची मोबाइलवर सिनेमे पाठवते. "पाहिलास का मावशी?" पाहिला. "कसा आहे?" मी काही बोलायच्या आत तीच लिहून मोकळी होते, "मस्त ना!" झालं! दोन शब्दांत सिनेमा संपला. मला अस्सा राग येतो. अगं, त्यातली ती म्हातारी दारात बसून राहते तेव्हा तुझ्या पोटात काही झालं का नाही? पण विचारायचं कोणाला? प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल आणि प्रत्येकाचा चहा आपापला. सर आता नाहीत. त्या खोलीत त्यांच्या मुलानं भाडेकरू ठेवला आहे. त्या गल्लीतून जाताना अजूनही माझे पाय हळू होतात, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी गणिताची बाई. तेहेतीस वर्षं एकाच शाळेत शिकवलं. रागीट होते. होते कसली, आहे. पोट्टे माझ्या मागून मला मिरची म्हणायचे. मला माहीत होतं आणि खोटं कशाला सांगू, आवडायचं. माझे वडील कचेरीत होते, सासरे कचेरीत, नवरा भूमी अभिलेखात. आमच्या घरात कागदावर जे लिहिलं ते खरं आणि जे लिहिलं नाही ते नाहीच, असा कारभार. त्या घरातून मी सरांकडे कशी पोचले? तर सर आमच्याच शाळेतून रिटायर झालेले. निरोप समारंभात त्यांनी मला सांगितलं, "बाई, रविवारी या. गणित नसते तिथं." मी म्हटलं, येऊन बघते. पुढची सहा-सात वर्षं येऊन बघतच होते.

सर बौद्ध. सकाळी विहारात वंदना आटोपून यायचे, पांढऱ्या सदऱ्यावर, आणि सतरंजी स्वतः झटकायचे. सासूबाई मला सुरुवातीला विचारायच्या, "तिकडे चहा घेतेस का?" मी म्हणायची, "दोन कप." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

सिनेमे कुठले कुठले असायचे. सरांचा कोणी विद्यार्थी नागपूरला होता, तो डीव्हीडी पाठवायचा. कुठल्या देशातला, कोणत्या भाषेतला, आम्हाला पत्ता नसायचा. खाली इंग्रजी अक्षरं यायची, पण ती वाचता येणारी माणसं आमच्यात दोन. म्हणून सर शनिवारीच तो सिनेमा एकटे पाहून ठेवायचे, मांडीवर डिक्शनरी घेऊन, वहीत वाक्यं उतरवत. मग रविवारी टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसून सगळं आपल्या बोलीत वाचायचे. त्यामुळे आमच्याकडे साऱ्या जगातली माणसं वऱ्हाडी बोलायची. गुडघाभर बर्फात उभी असलेली गोरी बाई नवऱ्याला म्हणायची, "आता कायले आले? चार वर्षं कुठं गेलते?" पहिल्या रविवारी हसून हसून माझं पोट दुखलं. तिसऱ्या रविवारपर्यंत हसू गेलं. ती बाई आमच्याच आळीतली होऊन गेली.

सिनेमे हळू असायचे, हे कबूल करते. माणूस चालायला लागला की चालतच राहायचा. माझा नवरा पहिल्या पंधरा मिनिटांत भिंतीला टेकून झोपायचा. एकदा सरांनी त्याला उठवून विचारलं, तुम्ही कोणाच्या जागी होते? तो डोळे चोळत म्हणाला, "त्या बैलाच्या." सगळे खो खो हसले. पण त्या सिनेमात खरंच एक बैल होता, आणि सर म्हणाले, "बरोबर हाये. त्याले बी कोणी काही विचारलं नव्हतं." त्यानंतर नवरा झोपायचा ते जरा कमी झालं.

आमच्यात एक सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर होता. तो नेहमी वाईट माणसाच्या जागी असायचा. दोन भाऊ विहिरीवरून भांडतात असा एक सिनेमा होता. सगळे म्हणाले, आम्ही मोठ्या भावाच्या जागी, सोशीक, समजूतदार. कंपाउंडर म्हणाला, "मी धाकट्याच्या जागी. माह्या भावासंग सहा महिने झाले, बोललो नाही. तो दवाखान्यात आला तं मी मागच्या खोलीत जाऊन बसलो." एवढं बोलून त्यानं नाक शिंकरलं. दोन रविवारांनी तो भावाला घेऊन आला. भाऊ आख्खा सिनेमाभर बुचकळ्यात पडल्यासारखा बसून होता. मला तेव्हा वाटलं, ही माणसं बाप्पा, काय बिनधास्त सांगून टाकतात. मी मात्र सोयीचीच उत्तरं द्यायची. शाळामास्तरीण असली तर तिच्या जागी, आई असली तर आईच्या. सर मान हलवायचे आणि पुढच्याकडे वळायचे.

आता त्या वर्षाचं सांगते.

त्या वर्षी माझ्याकडे दहावीचा वर्ग होता. वर्गात झरी जामणीकडच्या एका पोडावरची पोरगी होती, पोड म्हणजे कोलामांची वस्ती. आमच्या गावात वसतिगृहात राहायची. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, बोलायची नाही, विचारलं तर मान हलवायची. मीही तिच्याकडे फार लक्ष दिलेलं नव्हतं. पंचावन्न पोरं, कोणाकोणाकडे बघणार?

सहामाहीचे पेपर तपासताना तिचा पेपर हातात आला. तीन, सात, अकरा अशी चार-चारनं वाढत जाणारी वीस संख्यांची बेरीज करायची होती. तिनं नुसतं 820 लिहिलं होतं. सूत्र नाही, मांडणी नाही, काही नाही. पुढची दोन गणितं तशीच, नुसतं उत्तर. तिन्ही बरोबर. माझं डोकं फिरलं. पायऱ्या नाहीत म्हणजे चोरी, हे माझं वाक्य शाळेतल्या भिंतींनाही पाठ होतं. मी लाल पेनानं आडवं मोठं लिहिलं, 'नक्कल', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. पेपर वाटताना मी तिला उभं केलं.

"कोणाचं पाहिलं?"

"कोनाचं नाही बाई."

"मग पायऱ्या कुठे गेल्या?"

तिनं खाली बघितलं. "डोक्यात होत्या."

वर्ग हसला. मीही हसले. आणि म्हटलं, "आली मोठी डोक्यात करणारी!" मग सगळ्यांना पेपर दाखवला, ते लाल अक्षरं असलेलं पान, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवून. ती तास संपेपर्यंत उभी होती. मी बस म्हटलंच नाही. विसरले असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

त्याच संध्याकाळी मार्कांची यादी करायला वर्गातून परत गोळा केलेला गठ्ठा घेऊन बसले. सहज म्हणून तिच्या आजूबाजूच्या पोरींचे पेपर काढले. शेजारणीचं उत्तर होतं 790. पुढचीनं ते गणित सोडवलंच नव्हतं. मागचीनं सूत्र लिहून अर्ध्यात सोडलेलं. मग हिनं कोणाचं बघितलं? मी पुन्हा तिन्ही पेपर लावून पाहिले.  माझ्या वर्गात त्या बेरजेचं बरोबर उत्तर अवघ्या पाच जणांचं होतं, आणि बाकीचे चौघे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसणारे.

आणि मी काय केलं? गठ्ठ्याला दोरी बांधली, कपाटावर ठेवला आणि चकलीची भाजणी चाळायला बसले. कागदावर लिहिलं ते खरं. आता खोडायचं म्हणजे पंचावन्न पोरांसमोर खोडायचं. मिरची चुकली, असं सगळीकडे होणार. नाही जमत, म्हटलं, सुट्टीनंतर पाहू.

सुट्टीनंतर ती आलीच नाही. आठवडा गेला. वसतिगृहातली तिची मैत्रीण म्हणाली, "येत नाही म्हनते बाई. मायसंग कापूस वेचून राह्यली." बोर्डाचे फॉर्म भरणं सुरू होतं, पुढच्या आठवड्यातला शनिवार शेवटचा दिवस. सही पोरीनं स्वतः करायची. आमचे क्लार्क मला म्हणाले, तुमच्या वर्गाचा एक फॉर्म राहिला बाई. मी म्हटलं, येईल हो ती. कोणत्या तोंडानं म्हटलं, देव जाणे. दहावीचा फॉर्म चुकला की तिकडची पोरगी पुन्हा शाळेत येत नाही, हे मला माहीत होतं.

त्या रविवारचा सिनेमा एका स्टेशन मास्तरचा होता. डोंगरातलं बारकं स्टेशन, दिवसातून दोन गाड्या. रुळांचे सांधे बदलायची सूचना द्यायला मास्तर विसरतो आणि मालगाडी रुळावरून घसरते. कोणी मरत नाही, पण चौकशी बसते. मास्तर सांगतो, मी सूचना दिली होती, सांधेवाल्यानंच ऐकली नाही. सांधेवाला साधा, बोलता न येणारा माणूस. त्याची नोकरी जाते, रेल्वेचं घर जातं. तो बायकोला घेऊन डोंगरापलीकडे कुठंतरी लाकडं तोडायला जातो. मास्तरला सगळे विचारतात, तब्येत बरी नाही का? तो म्हणतो, थंडीनं.

मला सतरंजीवर धड बसवेना. सर वाचत होते, "मास्तर म्हणते, म्या तं सांगतलं होतं बावा." आणि माझ्या कानात माझाच आवाज येत होता. शेवटी एका सकाळी मास्तर टोपी घालतो आणि बर्फातून चालत निघतो. बराच वेळ चालतो. सांधेवाल्याच्या झोपडीसमोर उभा राहतो. दार वाजवतो. दार उघडतं.

आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. डीव्हीडी अडकली.

सरांनी ती काढून सदऱ्यानं पुसली, पुन्हा लावली. कंपाउंडरनं टूथपेस्ट लावायचा उपाय सुचवला, तोही करून झाला. दार उघडलं की चौकोन. अजून वीस मिनिटं बाकी होती. सगळे ओरडायला लागले, "सर, तुम्ही तं काल पाहिला, सांगा ना काय होते!"

सर म्हणाले, "म्या पाहिलं ते पाहिलं. आता तुम्ही सांगा. दार उघडलं, मंग काय झालं?"

एकेकानं सांगितलं. सगळ्यांचं एकच. मास्तर पाय धरतो, मास्तर खरं बोलतो, वरच्या साहेबाला पत्र लिहितो. माझा नवरासुद्धा, चक्क जागा, म्हणाला, "सांगत असन ना. नाहीतं एवढ्या थंडीत कोण जाते?" मग सर माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही कोणाच्या जागी होते?"

मी म्हटलं, "कोणाच्याच नाही."

"मंग चहा थांबते."

 आतून किटलीचं झाकण वाजलं. कंपाउंडर हळूच म्हणाला, "सांगून टाका ना बाई, घसा सुकला." मी ताडकन उठले. म्हटलं, "ढोसा तुमचा चहा. दर वेळी माणसाला सोलून काढायचं, हा काय सिनेमा झाला?" आणि चपला घालून निघाले. एवढ्या वर्षांत नियम मोडून उठलेली मी पहिली. गल्लीच्या टोकापर्यंत मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता.

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा मागून आला, ओट्याजवळ उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं, 820 पासून कपाटावरच्या गठ्ठ्यापर्यंत. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, होतं असं. तो म्हणाला, "उद्या रजा टाक. मी येतो. तुले एकटीले ते पोड सापडायचं नाही." लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मला हा माणूस एवढा आवडल्याचं आठवत नाही.

सोमवारी मोटरसायकलवर निघालो. पुढे रस्ता संपला, मग जंगलातली गाडीवाट, मग तीही संपली. विचारत विचारत एका वावरापाशी पोचलो. बायकांची रांग कापूस वेचत होती. ती मधेच होती, कमरेला कपडा बांधलेला, त्यात कापूस. मला पाहून तिचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले. तिची आई धावत आली, कोलामीत पोरीला काहीतरी बोलली आणि माझ्यासाठी गडव्यात पाणी घेऊन आली. पाटीवरचं मळकं फडकं झटकून मला बसायला दिलं. बाई आल्या, पोरीच्या शाळेच्या बाई. त्या माउलीला काहीच माहीत नव्हतं, हे मला तिथं कळलं. पोरीनं घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी पाणी प्याले आणि म्हटलं, "फॉर्म भरायचा आहे. शनिवार शेवटचा. चल."

पोरगी वेचत राहिली.

तेवढं बोलून मी निघू शकले असते. कोणी मला नावं ठेवली नसती. उलट म्हणाले असते, बघा, बाई एवढ्या लांब पोरीला न्यायला गेल्या. नवरा तिकडे गाडीच्या चाकाशी उगाच काहीतरी खुडबुडत होता. मी सरींमधून तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "चूक माझी होती. तू कोणाचं पाहिलं नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

तिनं मान वर केली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. "हे मले कायले सांगता बाई? मले तं माहीतच हाये. ज्याइले माहीत नाही, त्याइले सांगा."

मला थोबाडीत बसली. रडू आलं, रागही आला, काय पोरगी आहे! परतताना गाडीवर मी नवऱ्याच्या पाठीमागे तोंड लपवून बसले होते. तो खड्डे चुकवत होता.

मंगळवारी आधी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पोरांसमोर असं कबूल करू नका. पेपर दुरुस्त करून टाका, काम झालं. उद्या कोणी ऐकणार नाही तुमचं." मी म्हटलं, "नाही ऐकलं तर नाही ऐकलं." पण ही नुसती बाहेरची फुशारकी होती.

तिसरा तास. तोच पेपर घेऊन गेले. तिची जागा रिकामी. मी पान वर धरलं आणि सांगितलं. हिनं नक्कल केली नव्हती. मी आळ घेतला. मला ते त्याच संध्याकाळी कळलं आणि मी गप्प राहिले.  खाली ग्राउंडवरची शिट्टी ऐकू येत होती. मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणाला, "मंग बाई, आता तुम्हाले कोन उभं करन?" एरवी त्याचा कान माझ्या हातात असता. मी म्हटलं, "मी उभीच आहे." आणि तो आख्खा तास खुर्चीला हात लावला नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. तिच्या मैत्रिणीनं निरोप पाठवला होता म्हणे, पण पोडावर निरोप पोचतो केव्हा आणि कसा, कोणास ठाऊक. शुक्रवारी मी क्लार्कला तीनदा जाऊन विचारलं. शनिवारी साडेबाराला ती ऑफिसच्या दारात उभी होती, आईसोबत. सही केली. मी बाजूला घेऊन विचारलं, "ती बेरीज कशी केलीस गं?" ती म्हणाली, उन्हाळ्यात तेंदूपानं गोळा करताना लहान-मोठे ढीग पडतात. सगळ्यात लहान ढिगाला सगळ्यात मोठा लावायचा, मग त्याच्या पुढच्याला त्याच्या मागचा. "जोड्या लावल्या का साऱ्या सारख्या होते बाई. मंग एकच मोजाची." तीन आणि एकोणऐंशी ब्याऐंशी, सात आणि पंचाहत्तर ब्याऐंशी, अशा दहा जोड्या. ज्या सूत्रासाठी मी आठ दिवस खडू झिजवला, ते तिच्या हातात लहानपणापासून होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सरांकडे गेले, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच म्हटलं, "मागच्या वेळचं माझं उत्तर राहिलंय. मी स्टेशन मास्तरच्या जागी होते." आणि सगळं सांगितलं. सरांच्या बाईंनी त्या दिवशी सिनेमाच्या आधी चहा आणला. सगळे पांगल्यावर मी सरांना विचारलं, "आता तरी सांगा. दार उघडल्यावर तो खरं बोलतो ना?"

"नाही," सर म्हणाले. "पाणी मांगते. पेते. अन् वापस जाते. बाकीचा टाइम निस्ता चालतेच."

मी उडालेच. "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! मी त्याच्या भरवशावर तिकडे कापसात जाऊन उभी राहिले!"

"सांगतलं असतं तं गेल्या असत्या का?"

मी बरंच भांडले त्यांच्याशी. पण खरं म्हणजे, कदाचित गेले नसते. तोही खरं बोलला नाही ना, म्हटलं असतं, मोठी माणसंही अशीच असतात, आणि शांत झोपले असते. सिनेमा माणसाला चांगलं करतो असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत सिनेमा फक्त अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडायचा आणि सर दार धरून उभे राहायचे, पळू द्यायचे नाहीत. ती खोली, ती सतरंजी, कंपाउंडरचं नाक शिंकरणं, सगळं मला इतकं हवंसं वाटतं, की कधी कधी रविवारी अकरा वाजता मी उगाचच तयार होऊन बसते. नवरा विचारतो, कुठं चालली? मी म्हणते, कुठं नाही.

त्या पोरीचं सांगायचं राहिलं. सोमवारपासून ती वर्गात बसू लागली, त्याच बाकावर. मी फळ्यावर एक गणित दिलं. बाकीच्यांचे पेन अजून उघडायचे होते, तिचं उत्तर झालेलं मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मी मनात म्हटलं, लिही गं बाई, नुसतं उत्तर लिही, मी पूर्ण मार्क देते. ती वाकून लिहीत राहिली. तास संपत आला तरी लिहीत होती. मी वही मागून घेतली. दोन पानं भरली होती. सूत्र, मांडणी, किंमत घालणं, गुणाकार वेगळा, बेरीज वेगळी. आठ आणि दोन दहा, हेसुद्धा तिनं एका ओळीत लिहिलं होतं.

मी म्हटलं, "अगं, एवढं कशाला? तुला तर येतं."

ती म्हणाली, "असू द्या बाई."

फार नीट अक्षर होतं. त्या पायऱ्या गणितासाठी नव्हत्या, माझ्यासाठी होत्या. ती दहावी पास झाली, पुढेही शिकली. पण त्या दिवसापासून मार्चपर्यंत तिनं माझ्यासमोर एकही उत्तर नुसतं लिहिलं नाही.